गजकर्णाचे मलम : कोणते, किती आणि किती दिवस

भाताची लावणी आटोपत आली की आमच्या खानापूर-बेळगाव पट्ट्यात दोन तक्रारी घरोघरी असतात. एक पायाच्या बोटांतील चिखल्यांची आणि दुसरी जांघेत, कमरेवर किंवा काखेत उठणाऱ्या खाजेची. पहिली तक्रार लोक मोकळेपणी सांगतात, कारण चिखल्या म्हणजे शेतात राबल्याची खूण. दुसरी मात्र कोणी सांगत नाही. रात्र रात्र खाजवून काढतात, शेवटी बाजाराच्या दिवशी औषधाच्या दुकानात जाऊन हळू आवाजात 'खाजेची ट्यूब द्या' म्हणतात, आणि दुकानदार जी देईल ती खिशात घालून घरी येतात. या ट्यूबेविषयीच आज आम्हांला लिहावयाचे आहे.

आधी रोगाविषयी थोडेसे. गजकर्ण, नायटा, दाद अशी त्याची नावे. इंग्रजीत त्याला रिंगवर्म म्हणतात, पण त्यात किडा कोठेच नसतो. ही बुरशी आहे. ओलसर भिंतीवर, शिळ्या भाकरीवर जशी बुरशी धरते तशीच एक जात माणसाच्या कातडीच्या अगदी वरच्या, निर्जीव थरावर, केसांवर आणि नखांवर जगते. घाम, ओल आणि घट्ट कपड्यांचे घासणे मिळाले की ती वाढते. एका ठिकाणाहून चोहीकडे पसरत जाते म्हणून चट्टा गोल होतो. कड उंच, तांबूस व कोंडा सुटणारी असते, मध्यभाग मात्र बरा झाल्यासारखा दिसतो. बुरशीचा जोर कडेला असतो हे ध्यानात ठेवावे, पुढे मलम लावताना त्याचा उपयोग आहे.

तेव्हा 'रक्त बिघडले' म्हणून जुलाब घेण्याचे किंवा वांगी-अंडी सोडण्याचे काही कारण नाही. तसेच जांघेतील गजकर्ण हा गुप्तरोग नव्हे. हे वाक्य आम्ही मुद्दाम लिहीत आहो. ते का, हे पुढे कळेल.

पूर्वी हा रोग एवढा चिवट नव्हता. व्हिटफिल्डचे मलम म्हणून एक जुने स्वस्त औषध असे. त्यात बेंझोइक आम्ल सहा टक्के आणि सॅलिसिलिक आम्ल तीन टक्के. थोडे झोंबे, पण महिनाभरात चट्टा जाई. गेल्या दहा-पंधरा वर्षांत मात्र सगळ्या देशातील त्वचारोगतज्ज्ञ सांगू लागले की, गजकर्ण पूर्वीसारखे बरे होत नाही. जाते आणि पुन्हा येते, एकाचे साऱ्या घराला होते. या बुरशीची एक जात तर २०२० साली वेगळी ओळखली गेली आणि तिला आपल्या देशावरून 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी' असे नाव पडले. टर्बिनाफिन हे एरवी चांगले औषध, पण या जातीतील कित्येक बुरशींना ते लागू पडत नाही. आपल्या देशाचे नाव अशा कामी जगभर जावे, यात भूषण वाटण्यासारखे काही नाही. हे असे का झाले याची कारणे अनेक आहेत, परंतु तज्ज्ञ मंडळी ज्या कारणाकडे पुन्हा पुन्हा बोट दाखवितात ते म्हणजे मिश्र मलमाची ट्यूब.

मिश्र मलम म्हणजे काय? एकाच ट्यूबेत बुरशी मारणारे औषध, जंतू मारणारे औषध आणि त्यांच्या जोडीला स्टिरॉइड. स्टिरॉइड हे वाईट औषध नव्हे. इसबासारख्या रोगांत डॉक्टर ते विचारपूर्वक देतात आणि त्याचा गुण येतो. पण त्याचे काम दाह दाबण्याचे आहे. कातडीवर बुरशी आली की शरीर तिच्याशी झगडते, त्या झगड्यातून लाली आणि खाज येते. स्टिरॉइड तो झगडाच बंद पाडते. राखणदाराला झोपवले की कुत्र्याचे भुंकणेही थांबते, पण चोर आतच असतो. दोन-तीन दिवसांत खाज जाते, माणूस खूश होतो, दुकानदाराचे नाव घेतो आणि ट्यूब फळीवर ठेवून देतो. आठ-पंधरा दिवसांनी चट्टा परत उठतो, या वेळी अधिक मोठा. पुन्हा ट्यूब, पुन्हा तीन दिवस आराम. असे चालले की गोल चट्ट्याची कड पुसट होते, गोलात गोल दिसू लागतात आणि हे गजकर्ण आहे हे डॉक्टरांनाही चटकन ओळखू येत नाही. १९६८ साली इंग्लंडमधील दोन डॉक्टरांनी या प्रकाराला 'वेषांतर केलेले गजकर्ण' अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले, ते आजही चालते.

नुकसान एवढ्यावर थांबत नाही. स्टिरॉइड बरेच दिवस लावले तर कातडी पातळ होते. जांघेत आणि काखेत, जेथे कातडी मुळातच नाजूक, तेथे बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे पट्टे उमटतात आणि ते जन्मभर राहतात. चेहऱ्यावर लावले तर तोंड लालबुंद होते, पुटकुळ्या येतात, मुलींच्या गालावर लव वाढते. लावणे थांबवले की आग होते, म्हणून लोक पुन्हा तेच लावतात.

एका वाडीवरील कुटुंबाची हकीकत त्यांच्या परवानगीने, नाव-गाव वगळून सांगतो. कर्त्या पुरुषाला लावणीच्या दिवसांत जांघेत खाज सुटली. दुकानातून ट्यूब आणली, वर सांगितला तोच खेळ चौदा महिने चालला. चट्टे कमरेपर्यंत आणि मांड्यांवर उतरले. पुढे बायकोलाही झाले. तेव्हा तिच्या मनात आले की नवऱ्याने हा रोग बाहेरून आणला. तो बिचारा ऊसतोडणीच्या हंगामात महिना-दीड महिना परगावी असे, त्यामुळे संशयाला आधार मिळाला. घरात तीन महिने अबोला. नवरा लाजेने मिस्सेला येईनासा झाला, आणि आम्हांला वाटले की काही देण्याघेण्याचे भांडण असेल. कडेवरच्या दीड वर्षाच्या मुलाच्या गालावर आणि कमरेवर गोल चट्टा उठला तेव्हा आजीच्या ध्यानात आले की हा बाहेरचा रोग असता तर लेकराला कसा होईल? त्याच घरातील थोरल्या मुलीने तीच ट्यूब 'तोंड उजळते' म्हणून मुरुमांवर लावली होती, तिचे तोंड उन्हात उभे राहवणार नाही इतके लाल झाले होते. अखेर सगळे घर बेळगावच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी पाचही जणांना एकाच वेळी औषध दिले. तीन महिने लागले, पण सगळे बरे झाले. पुरुषाच्या मांडीवरचे पट्टे मात्र तसेच आहेत. बायकोने आम्हांला एवढेच सांगितले, 'फादर, त्या ट्यूबेत काय आहे हे कुणी वाचून दाखवले असते तर बरे झाले असते.'

म्हणून आता ट्यूब कशी वाचावी ते सांगतो. ट्यूबेवर मोठ्या अक्षरांत कंपनीने ठेवलेले नाव असते, त्यावरून काही कळत नाही. त्याच्या खाली किंवा मागे बारीक इंग्रजीत औषधांची खरी नावे असतात. स्वतःला वाचता येत नसेल तर घरातील शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावीत. क्लोट्रिमॅझोल, मायकोनॅझोल, किटोकोनॅझोल, लुलिकोनॅझोल, टर्बिनाफिन ही बुरशीची औषधे. यांतील एकच नाव एकटे असेल तर ते साधे मलम. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टिरॉइडची नावे. यांपैकी एकही त्या यादीत दिसले तर डॉक्टरांनी त्वचा पाहून लिहून दिल्याशिवाय ती ट्यूब गजकर्णाला लावू नये. एक घोटाळा नेहमी होतो तो क्लोट्रिमॅझोल आणि क्लोबेटासॉल यांत. दोन्ही नावे 'क्लो' अशी सुरू होतात, पण पहिले बुरशी मारते आणि दुसरे म्हणजे तीव्र स्टिरॉइड. घाईत पहिली तीन अक्षरे वाचून समाधान मानू नये, नाव शेवटपर्यंत वाचावे. तीन-चार नावांची लांबलचक यादी असेल तर ट्यूब फार गुणकारी असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. येथे नेमके उलट आहे.

सरकारनेही याची दखल घेतली आहे. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा प्रकारची स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशी अधिसूचना काढली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ मिश्र औषधांवर बंदी घातली, तीत अशी काही मलमेही होती. तथापि नावे थोडी बदलून निघालेल्या ट्यूबा आजही बाजारात दिसतात आणि चिठ्ठी न मागता मिळतात. दुकानदाराला दोष देऊन आपली जबाबदारी संपत नाही. 'साधे क्लोट्रिमॅझोल द्या, स्टिरॉइड नको' एवढे वाक्य पाठ करून जावे. जनऔषधी दुकानात हे साधे मलम स्वस्तात मिळते, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांना दाखविले तर पुष्कळदा फुकटच.

बरोबर मलम आणले तरी अर्धेच काम झाले, कारण ते लावण्याच्या बाबतीत आपण फार काटकसरी आणि फार उतावळे. आंघोळ करून जागा नीट कोरडी करावी. ओल्या अंगावर मलम लावू नये. उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबेतून मलमाची रेघ काढली तर ते सुमारे अर्धा ग्रॅम भरते, आणि तेवढे मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्ट्याच्या कडेच्या बाहेर अंगठ्याच्या रुंदीएवढी चांगली कातडीसुद्धा घ्यावी, आणि बाहेरून आत असे लावत यावे. बुरशी कडेला पुढे सरकलेली असते, ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल दिवसातून दोनदा, लुलिकोनॅझोल एकदा. लावल्यावर हात साबणाने धुवावेत. जखमेत, डोळ्यांत किंवा तोंडात जाऊ देऊ नये. वर प्लॅस्टिक गुंडाळू नये. लावल्यावर थोडे चुरचुरणे चालेल, पण फोड आले, सूज आली तर बंद करून दाखवावे. गर्भवती स्त्रिया आणि तान्ही मुले यांच्या बाबतीत विचारूनच लावावे.

आणि दिवस? खाज थांबली म्हणजे बुरशी मेली नाही. चट्टा पूर्ण दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे लावावे. एकूण चार आठवडे सहज होतात, हल्लीच्या चिवट बुरशीत त्याहूनही अधिक. आता हिशेब करा. दोन तळहातांएवढा चट्टा, दिवसाला एक ग्रॅम, अठ्ठावीस दिवसांना अठ्ठावीस ग्रॅम. म्हणजे पंधरा ग्रॅमची एक ट्यूब अर्ध्या वाटेवरच संपते. एकच ट्यूब वर्षभर पुरविणाऱ्या घराचा रोग जात नाही, यात नवल ते काय?

डोक्यात कोंड्याबरोबर केस तुटून टक्कल पडले असेल, विशेषतः लहान मुलांत, किंवा नखे जाड-पिवळी झाली असतील, तर वरून लावायचे मलम मुळापर्यंत पोचत नाही. तेथे पोटात घ्यायच्या गोळ्या लागतात. अंगभर पसरलेल्या गजकर्णालाही तेच. या गोळ्यांचा कधी कधी लिव्हरवर परिणाम होतो आणि इतर औषधांशी त्यांचे जमत नाही, म्हणून शेजाऱ्याला दिलेल्या गोळ्या आपण घेऊ नयेत.

घरात एकाला झाले की सगळ्यांनी एकमेकांचे अंग पाहावे, आणि ज्यांना ज्यांना असेल त्यांनी एकाच वेळी औषध सुरू करावे. नाहीतर नवऱ्याचा बरा होतो तोवर बायकोचा त्याला परत लागतो. पंचा, चादर, आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे. हाताला सोसणार नाही इतक्या कढत पाण्यात ते धुवावेत आणि उलटे करून उन्हात वाळवावेत. आमच्याकडे जुलै-ऑगस्टात ऊन कोठून आणणार, हा प्रश्न रास्त आहे. चुलीवरच्या दांडीवर वाळवून वर शिवणींवरून कडक इस्त्री फिरवावी. अर्धवट वाळलेली चड्डी घालून शेतात जाणे म्हणजे बुरशीला शिदोरी देणे. तंग जीन पँट मुलांनी निदान पावसाळ्यात तरी दूर ठेवावी.

कमरेचा करगोटा हा एक विषय आहे. तो वर्षानुवर्षे अंगावर ओला राहतो आणि त्यात बुरशी घर करते. चट्टा कमरेभोवती असेल तर तो काढून टाकावा. असाच प्रश्न काही भाविक मंडळींनी स्कॅप्युलरविषयी विचारला आहे, ज्याला काही घरांत बेंतीण म्हणतात. घामाने भिजलेले लोकरीचे तुकडे छातीवर आणि पाठीवर घासून तेथे चट्टे उठले असतील तर काय करावे? यात मनाला बोचणी लावून घेऊ नये. १९१० साली, पोप दहावे पायस यांच्या काळात, कापडी स्कॅप्युलर विधिपूर्वक स्वीकारल्यावर त्याच्या जागी आशीर्वादित पदक वापरण्यास ख्रिस्तसभेने परवानगी दिलेली आहे. पदक धुता येते आणि पुसता येते.

चिखल्यांची गोष्ट जराशी निराळी. दिवसभर चिखलात उभे राहिल्याने बोटांमधली कातडी पांढरी होऊन फुटते, ती पाण्याने. मग त्या फटीतून बुरशी आणि जंतू शिरतात. म्हणून चिखल्यांवर पहिले औषध म्हणजे कोरडा फडका. लावणीला उतरण्यापूर्वी बोटांच्या बेचक्यांत खोबरेल चोपडावे. घरी आल्यावर साबणाने पाय धुऊन प्रत्येक बेचके वेगळे पुसावे, चुलीपुढे थोडे बसावे आणि निजताना साधे बुरशीनाशक मलम पातळ लावावे. पाय सुजून तापला, लाल रेघ वर चढू लागली, ताप आला तर ती बुरशी नव्हे. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. आणि ज्यांना मधुमेह आहे त्यांनी चिखल्या अंगावर काढू नयेत. उलट, ज्यांना गजकर्ण वारंवार होते त्यांनी एकदा रक्तातील साखर तपासून घ्यावी.

घरगुती उपायांपैकी टाकळ्याचा मान मोठा. संस्कृतात त्याला दद्रुघ्न, म्हणजे नायट्याचा नाश करणारा, असे नावच आहे. पावसाळ्यात त्याची भाजी जरूर खावी, पण पसरलेले गजकर्ण बिया वाटून लावल्याने हटेल या भरवशावर महिने घालवू नयेत. चुना, रॉकेल, बॅटरीचे पाणी, लसणाचा ठेचा यांनी बुरशीबरोबर कातडीही जळते, असे जळलेले पाय दवाखान्यात दरवर्षी येतात. यात एक मौजेची आठवण आहे. एकोणिसाव्या शतकात नायट्यावर 'गोवा पावडर' नावाचे औषध मुंबईपासून इंग्लंडपर्यंत विकले जाई. ते गोव्याचे नव्हतेच. ब्राझीलमधील बहिया प्रांतातल्या एका झाडाच्या खोडातून निघणारी ती पिवळट भुकटी पोर्तुगीजांच्या व्यापारातून गोव्यात येई आणि तेथून पुढे जाई. गुण येई, पण कपडे कायमचे डागळत, कातडी भाजे आणि डोळ्यात गेली तर फार त्रास होई. साधे मलम असताना तसल्या धाडसाची आता गरज उरलेली नाही.

सगळेच गोल चट्टे गजकर्णाचे नसतात. ज्या चट्ट्याला खाज नाही, जो फिकट किंवा तांबूस आहे आणि ज्यावर कापसाचा बोळा फिरवला तर कळत नाही, तो महारोगाचा असू शकतो. मलम लावून वेळ दवडू नये. आशा ताईंना किंवा आरोग्य केंद्रात दाखवावे. त्याचे औषध फुकट मिळते, आणि लवकर सुरू केले तर हातपाय शाबूत राहतात. जुन्या करारातील लेवीय ग्रंथाचा तेरावा अध्याय ज्यांनी वाचला असेल त्यांना आठवेल की, अंगावरचा चट्टा याजकाला दाखवावा असा तेथे नियम होता, आणि संशय असला की याजक माणसाला सात दिवस वेगळे ठेवून पुन्हा तपासत असे. हल्ली मिस्सेनंतर आमच्याकडेही पुष्कळ जण बाही वर करून येतात. आम्ही त्या याजकांचे वारस खरे, पण निदान करण्याचा अधिकार आमच्याकडे राहिलेला नाही.

शेवटी गोठ्याकडे या. वासराच्या डोळ्यांभोवती, तोंडावर, मानेवर करड्या रंगाचे खपलीसारखे गोल चट्टे दिसले तर तेही बहुधा गजकर्णच. गाईगुरांची बुरशी माणसाला लागते. धार काढणाऱ्याच्या हातावर आणि वासराला कवटाळणाऱ्या पोरांच्या गळ्यावर ती उठते, आणि तिला सूजही अधिक येते. असे वासरू वेगळे, कोरड्या आणि उजेडाच्या जागी बांधावे. त्याचा खरारा व दोरी दुसऱ्या जनावराला वापरू नये. हात लावल्यावर साबणाने धुवावेत आणि पशुवैद्यांना दाखवावे. जनावरासाठी आणलेले मलम माणसाला लावू नये, हे सांगावे लागते याचेच वाईट वाटते.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर धर्मग्रामाच्या दवाखान्यातील सिस्टर सभागृहात बसणार आहेत. घरात फळीवर, ट्रंकेत, खिशात ज्या ज्या खाजेच्या ट्यूबा असतील त्या अर्ध्या संपलेल्या असल्या तरी घेऊन याव्यात. सिस्टर नावे वाचून देतील. स्त्रियांसाठी पलीकडची खोली वेगळी ठेवलेली आहे.